मास्तरांच्या दोन पेट्या

माझ्या सासूबाईंना मी एकदा नोटीस पाठवली आहे. 'आपण संघाच्या विशेष सभेस कोणतीही पूर्वसूचना न देता अनुपस्थित राहिलात. तरी सात दिवसांच्या आत लेखी खुलासा सादर करावा.' खाली माझं नाव, त्याखाली 'सहायक चिटणीस', असं सगळं रीतसर.

सासूबाई हरिहरेश्वरला असतात, वय अठ्ठ्याहत्तर, आणि आमच्या चौलच्या बागायतदार संघाशी त्यांचा संबंध एवढाच, की संघाच्या नोकराला त्यांनी मुलगी दिली. नोटीस जायची होती सदुअण्णांना. सदुअण्णा म्हणजे संघाचे जुने सभासद, पोफळीच्या मोठ्या वाडीचे मालक. पण माझ्या संगणकावरचा मेलचा प्रोग्रॅम माझ्यापेक्षा हुशार होता. नुसतं 'स' टाइप केलं की पुढचं नाव तो स्वतःच भरायचा. त्याने 'सासूबाई' भरलं, मी बटण दाबलं आणि चहाला गेलो.

परत येतो तर खुलासा हजर. नातवाने घेऊन दिलेल्या टॅबवर सासूबाई दिवसभर काही ना काही वाचत असतात. त्यांनी सात दिवस घेतले नाहीत. लिहिलं होतं, 'गुडघे दुखत असल्यामुळे येऊ शकले नाही. सभा असल्याचे जावयांनी कळवले नव्हते. पुढील सभेस जेवण असल्यास आधी कळवावे, म्हणजे येणे जमवता येईल.'

मी घाईघाईने सासूबाईंना गेलेलं तेच पत्र उघडलं, सदुअण्णांचा पत्ता टाकला आणि पुढे ढकलून दिलं. चूक निस्तरली असं समजून निवांत झालो. चूक निस्तरताना आपण जी दुसरी चूक करतो ती पहिलीपेक्षा मोठी असते, हे मला तेव्हा पन्नाशी जवळ आली तरी ठाऊक नव्हतं.

समोरच्या टेबलावर मास्तर बसले होते. मी हसत हसत त्यांना सगळं सांगितलं. ते हसले नाहीत. डोळ्यांवरचा चष्मा कपाळावर चढवून म्हणाले, "सहायक, ऑफिसची पिशवी आणि घरची पिशवी एकाच खुंटीला टांगलीत. दोन पेट्या करा."

मी म्हटलं, "करतो."

केल्या नाहीत.

मास्तर म्हणजे शाळेचे नव्हेत, पोस्टाचे. सदतीस वर्षं टपालखात्यात काढून, शेवटी पोस्टमास्तर म्हणून निवृत्त होऊन ते आमच्या संघात चिटणीस म्हणून आले होते. गावाने त्यांचं नाव केव्हाच सोडून दिलं होतं. वीजबिलावर जे काय छापून येत असेल तेवढंच. बुटके, ताठ, बाही मनगटापर्यंत बंद, आणि सायकलच्या कॅरिअरला बारा महिने एक प्लास्टिकचा कागद गुंडाळलेला. पाऊस असो नसो, कागद हवाच. 'माणूस भिजला तर वाळतो, पत्र भिजलं तर गेलं,' असं ते म्हणत. आता सायकलवर कुठलंच पत्र नसायचं, ही गोष्ट वेगळी.

त्यांच्या टेबलावर माउसशेजारी एक काचेची वाटी असे, तिच्यात पाणी आणि ओला स्पंज. तिकिटं चिकटवायच्या काळातली ती वाटी त्यांनी निवृत्तीच्या दिवशी मागून आणली होती. मेल उघडण्याआधी मास्तर उजवा अंगठा त्या स्पंजावर टेकवत आणि मग माउसला हात घालत. माउसचं बटण अंगठ्याने दाबायचं नसतं हे मी त्यांना दोनदा सांगितलं. ते म्हणाले, "दाबतो बोटानेच. अंगठा तयार असतो."

सकाळी दहा, दुपारी एक आणि चार. या तीन वेळांनाच त्यांची डाक यायची आणि जायची. बाकी वेळ मेलचा प्रोग्रॅम बंद. नवीन मेल आली की टुणकन घंटी वाजते, ती त्यांनी पहिल्याच दिवशी काढून टाकली. दहा वाजले की खुर्ची सरकवत, "डाक आली," असं मला ऐकू जाईल इतपत म्हणत आणि मग उघडत. सगळ्या आलेल्या पत्रांना आधी एकेक शब्दाचं उत्तर जाई: 'पोचलं.' मजकुराचं उत्तर मागाहून, विचार करून. पण पोच लगेच. अलिबागच्या कचेरीतल्या एका साहेबाने वैतागून कळवलं होतं, की आमच्या 'पोचलं'ची उलट पोच पाठवू नये. मास्तरांनी उत्तर दिलं, 'पोचलं.'

पाठवायचं पत्र बटण दाबल्यावर लगेच बाहेर पडणार नाही, दहा मिनिटं पेटीत पडून राहील, अशी सोय त्यांनी करून घेतली होती. रागाने लिहिलेलं पत्र काढून घ्यायला माणसाला तेवढा वेळ लागतो म्हणे. आमचे अध्यक्ष एकदा खतकंपनीला खरमरीत पत्र सांगून गेले आणि आठव्या मिनिटाला जिन्यावरून धापा टाकत परत आले. मास्तरांनी पत्र पेटीतून काढून समोर ठेवलं. अध्यक्षांनी तीन शब्द खोडले. तेव्हापासून मास्तरांना संघात कोणी हलवू शकलं नाही.

पण त्यांचं खरं वेड वेगळंच होतं. मेलच्या प्रोग्रॅमची ते परीक्षा घेत. संघाने संगणक घेतला तेव्हा त्यात जो आयता आला तो वापरावा, असं कोणालाही वाटेल. मास्तरांना ते पटेना. पत्र कोणाच्या हातात द्यायचं हे बघून ठरवायला नको का? मग त्यांनी एकेका प्रोग्रॅमला महिनाभर उमेदवारीवर ठेवलं. एक लांबट वही केली. रकाने आखले: उघडायला किती वेळ, जुनं पत्र किती दमात सापडतं, इंटरनेट गेलं तर काय, पत्रं कुणाच्या घरी राहतात. हा शेवटचा रकाना त्यांना फार महत्त्वाचा. पत्रं लांब कुठल्यातरी परक्या यंत्रात राहतात आणि आपण नुसती खिडकीतून बघतो, असला प्रकार त्यांना मान्य नव्हता. आमच्याकडे वारा सुटला की आधी वीज जाते, मग इंटरनेट जातं, आणि येताना दोघं एकत्र कधी येत नाहीत. पत्र आपल्या घरात हवं.

कंपन्यांची नावं त्यांच्या जिभेवर बसत नसत, म्हणून त्यांनी आपलीच ठेवली होती. संगणकाबरोबर आलेला तो 'घरजावई': बोलावला नाही, कामाला नाही, आणि घालवावा तर घरचेच आडवे येतात. दुसरा 'इनामदार'. त्याच्यात कॅलेंडर, सभांच्या वेळा, कामांच्या याद्या, सगळा बारदाना होता. काम चोख करी, पण दरवर्षी मान द्यावा लागे आणि सकाळी तो उठेपर्यंत आमचा चहा होई. तिसरा 'सडाफटिंग'. फुकटातला, दिसायला ओबडधोबड, पण पत्रं आपल्याच संगणकात नीट रचून ठेवणारा, दहा वर्षांपूर्वीचं पत्र मागितलं तर तोंड वाकडं न करता काढून देणारा. आणि चौथी 'नवरी'.

नवरी माझी. म्हणजे माझ्या संगणकावर होती ती. रंग काय, अक्षरं काय. ऑफिसचा पत्ता, घरचा पत्ता, सगळं एकाच खिडकीत एकत्र वाहत यायचं. कुठलं पत्र महत्त्वाचं हे तीच ठरवायची आणि बाकीचं 'इतर' नावाच्या एका कोनाड्यात सारायची. मला ती फार आवडली. मास्तरांनी तिला महिना दिला नाही, चार दिवसांत वहीत शेरा मारला. मी विचारलं, एवढी देखणी, नापास का? ते म्हणाले, "कुठलं पत्र महत्त्वाचं, हे पोस्टमनने ठरवायचं नसतं."

शेवटी ऑफिससाठी त्यांनी सडाफटिंग नेमला. घरी मात्र दुसराच प्रोग्रॅम ठेवला, मोठ्या अक्षरांचा, पत्रातले फोटो पानभर दाखवणारा. त्यात शोधायची सोय बेताचीच होती. मी म्हटलं, मास्तर, एकच दोन्हीकडे ठेवा की. तर म्हणाले, ऑफिसच्या पत्राला शोध लागतो, घरच्या पत्राला जागा लागते. ऑफिसचा प्रोग्रॅम घरी नाही, घरचा ऑफिसात नाही. संघातल्या कोणालाही त्यांनी आपल्या घरच्या पत्त्यावरून कधी पत्र पाठवलं नाही. मला तर तो पत्ता काय आहे हेही माहीत नव्हतं, आणि आमची टेबलं समोरासमोर होती.

एकदा त्यांच्या मुलाची मेल चुकून ऑफिसच्या पत्त्यावर आली. मुलगा नाशिकला. सून दवाखान्यात आहे हे आम्हाला ठाऊक होतं. मास्तर दोन दिवस वाटीतलं पाणी सारखं बदलत होते. दुपारी एकची डाक उघडली आणि वरच मुलाचं नाव. मी समोरून पाहत होतो. मास्तरांनी खणातून टीपकागद काढला, पडद्यावर आडवा धरला, आणि कागदाआडून चाचपडत ती मेल न वाचता स्वतःच्या घरच्या पत्त्यावर रवाना केली आणि ऑफिसच्या पेटीत तिचा मागमूस ठेवला नाही. पत्ता बदललेलं टपाल पुढे पाठवतात तशी. मग कागद खणात ठेवून पुढच्या पत्राला 'पोचलं' लिहिलं. मी तोंड उघडणार, तर हाताने गप्प केलं. साडेपाचला टेबल आवरलं, साडेपाचला सायकल काढली. दुसऱ्या दिवशी नारळाच्या वड्यांचा डबा घेऊन आले. नात झाली होती.

मी विचारलं, अहो, साडेचार तास धीर कसा धरलात?

ते डब्याचं झाकण लावत म्हणाले, "सदतीस वर्षं लोकांच्या घरच्या बातम्या माझ्या हातातून गेल्या. एकही मी वाटेत वाचली नाही. मग माझीच कशी वाचू?"

मी वडी खाल्ली आणि मनात म्हटलं, म्हातारा जरा जास्तच करतो.

आता सदुअण्णांकडे येतो. त्या वर्षीच्या मोठ्या वादळात त्यांची वाडी आडवी झाली होती. तशी ती सगळ्यांचीच झाली. माझ्या घरामागच्या आठ-दहा पोफळीही गेल्या. पण अण्णांची वाडी म्हणजे आत शिरल्यावर आकाश दिसू नये अशी, आणि वादळानंतर तिथे उभं राहिलं की थेट समुद्राचा आवाज यायचा. विशेष सभेला ते आले नाहीत, कारण पडलेल्या पोफळी उचलत होते. आणि मी त्यांच्याकडे खुलासा मागितला होता. असो.

संघाने रोठा जातीच्या सुपारीची रोपं तयार केली. रोपं थोडी, मागणारे पुष्कळ. म्हणून ठरलं, की ठरलेल्या तारखेच्या आत संघाच्या पत्त्यावर मेलने अर्ज करावा, आणि आलेल्या क्रमाने माणशी पंचवीस रोपं मिळतील. यादी लागली. माझं नाव होतं. अण्णांचं नव्हतं.

अण्णा ऑफिसात आले ते रेवदंड्याहून छापून आणलेला कागद घेऊनच. फोनवरून पाठवलेल्या अर्जाची ती प्रत होती, तारीख मुदतीच्या चार दिवस आधीची. मास्तरांनी कागद घेतला, हात लांब करून धरला आणि बराच वेळ वाचला. एवढासा अर्ज, एवढा वेळ का लागावा हे मला कळेना. मग म्हणाले, शोधतो. अण्णा जिना उतरताना मोठ्याने बोलत गेले, की आपल्याला सगळं समजतं.

त्यांना काय समजत होतं ते सांगायला हवं. फार वर्षांपूर्वी अण्णांच्या भावाच्या नावाने एक रजिस्टर पत्र आलं होतं. भाऊ मुंबईला. अण्णा म्हणाले, माझ्याकडे द्या, मी देईन. मास्तर म्हणाले, ज्याचं नाव त्याचीच सही. पोस्टाच्या खिडकीसमोर गाव जमा झालं, पण पत्र मिळालं नाही. अण्णांनी तेव्हापासून मनात ठेवलं होतं, आणि त्यांचा हिशोब असा, की मास्तरांनीही ठेवलं असणार.

त्या दिवशी चारची डाक काढून झाल्यावर मास्तर माझ्याकडे न बघता म्हणाले, की तुमच्या त्या नवरीत 'इतर' म्हणून एक कोनाडा आहे ना, तो बघता का कधी? मी म्हटलं, छे, तिथे नुसत्या जाहिराती येतात. "हं," म्हणाले, आणि वाटीतलं पाणी बदलायला उठले.

दोन दिवसांनी रविवारी वार्षिक सभा. ऑफिसमागच्या ज्या शेडमध्ये सुपारी वाळवतात तिथे खुर्च्या मांडल्या होत्या, आणि रोपवाटिकेचे फोटो दाखवायला पडदा लावून मास्तरांच्या संगणकाची वायर खिडकीतून ओढली होती. अहवाल वाचून झाला आणि अण्णा उभे राहिले. आवाज चढवला नाही, त्यामुळे ऐकायला सगळे पुढे वाकले.

"मी अर्ज येळेत केला हाय. माझ्या हातात कागद हाय. यादीत नाव न्हाय. मास्तरांनी माझं पत्र दाबलं."

पोस्टातल्या माणसाला तुम्ही आळशी म्हणा, तिरसट म्हणा, चालेल. पत्र दाबलं म्हणणं म्हणजे सदतीस वर्षांवर एका वाक्यात पाणी. मास्तर उभे होते, बाह्या मनगटापर्यंत बंद. अध्यक्ष काहीतरी समजुतीचं बोलू लागले. मास्तरांनी त्यांना थांबवलं आणि म्हणाले, "पेटी उघडतो. सगळ्यांनी बघा."

आणि त्यांनी ती खरोखरच उघडली. चार माणसं त्यांच्याबरोबर आत ऑफिसात गेली, बाकी सगळे शेडमधल्या पडद्याकडे बघत बसले. आलेली पत्रं, गेलेली पत्रं, पुसलेली पत्रं, वर्षानुवर्षांची. अण्णांनी सांगितलं, हे उघडा, ते उघडा. मास्तर अंगठा ओला करून उघडत गेले. खतं, कीड, वीजमंडळ, कृषिखातं, आणि शेकड्यांनी 'पोचलं'. सबंध पेटीत एक ओळ खाजगी नव्हती. एका माणसाची इतकी वर्षं दीडशे लोकांसमोर पडद्यावर सरकत होती आणि त्याला कुठे हात आडवा धरावा लागला नाही. त्या टीपकागदाचा अर्थ मला शेडमध्ये मागच्या रांगेत बसल्यावर कळला.

पण अण्णांचा अर्ज त्यात नव्हता. अण्णा म्हणाले, पुसला असंल. कोणीतरी मागून 'व्हय' म्हणालं. एकच माणूस, पण ते ऐकू आलं.

तेवढ्यात अण्णांचा तो कागद हातोहात फिरत माझ्याकडे आला. मी अर्ज वाचला, तारीख वाचली, आणि सगळ्यात वर, बारीक अक्षरात, कोणाच्या पत्त्यावर पाठवला ते वाचलं. तो पत्ता माझा होता. संघाचा नव्हे. माझा, घरचा.

सासूबाईंचं नाव भरताना नवरीने नोटीस माझ्या घरच्या पत्त्यावरून पाठवली होती, आणि मी तेच पत्र तसंच अण्णांकडे ढकललं होतं. अण्णांच्या फोनमध्ये संघाची म्हणून तीच एक मेल. अर्ज करायची वेळ आली तेव्हा त्यांनी तिलाच उत्तर दिलं. पत्र बरोबर माझ्याकडे आलं, आणि नवरीने ठरवलं, की हे काही महत्त्वाचं नाही.

मी मान वर केली. मास्तर खिडकीत येऊन उभे होते. माझ्याकडे बघत नव्हते. त्यांनी हा पत्ता दोन दिवसांपूर्वीच वाचला होता, हात लांब करून, बराच वेळ. एक शब्द बोलले असते तर सुटले असते. आणि मी गप्प बसलो असतो तर कागद पुढच्या रांगेत गेला असता, बारीक अक्षर तिथे कोणाला दिसणार होतं?

हे वाचून मी फार शूर होतो असं वाटायला नको. कागद दोनदा घडी घालून पुन्हा उलगडला. पण उभा राहिलो आणि म्हणालो, "पत्र माझ्याकडे आलंय."

मग वायर मास्तरांच्या संगणकातून काढून माझ्या संगणकाला लावली आणि पडद्यावर नवरी अवतरली, सगळ्या दागिन्यांसकट. वरच टकलावर तीन महिन्यांत केस आणणाऱ्या तेलाची ऑर्डर मिळाल्याचं पत्र. खाली साप्ताहिक राशिभविष्य. गुडघ्याचा पट्टा. मधेच कृषिखातं. आणि मी जपून खूण करून ठेवलेली, म्हणून ठळक अक्षरात: 'सासूबाई – सभेस अनुपस्थितीबाबत खुलासा'. हसू आधी पुढच्या रांगेत फुटलं. अध्यक्षांनी रुमाल तोंडाला लावला. कोणीतरी म्हणालं, उघडा, खुलासा वाचूया. माझ्या हातून तो उघडलाही गेला. दीडशे बागायतदारांनी माझ्या सासूबाईंच्या गुडघ्यांची आणि जेवणाची चौकशी मोठ्याने वाचली.

मग मी 'इतर'चा कोनाडा उघडला. जाहिरातींच्या ढिगात सदुअण्णांचा अर्ज होता. न उघडलेला. शेवटची ओळ होती, 'पोच द्यावी ही विनंती.'

हसणं थांबलं.

"म्हंजे तू दाबलंस?" अण्णांनी विचारलं.

"दाबलं नाही, अण्णा. पाहिलं नाही."

मास्तर तेव्हा पुढे आले. माझं नाव न घेता म्हणाले, पत्र वेळेत पोचलेलं आहे, चूक कार्यालयाची आहे, आणि कार्यालय म्हणजे चिटणीस. इतिवृत्तात तसंच लिहा. माझ्याऐवजी त्यांनी स्वतःचा हुद्दा पुढे केला. पण रोपं तर मोजून वाटलेली. तेव्हा मी म्हटलं, माझी पंचवीस अण्णांना द्या. घरामागची जागा कशी आखायची हे बायकोने दोरी लावून ठरवून ठेवलं होतं, हे मला म्हणून झाल्यावर आठवलं.

अण्णांनी बोटांवर काहीतरी हिशोब केला. मग म्हणाले, "वीस दे. पाच तुझ्या सासूला. तिचा खुलासा समाधानकारक हाय."

पुन्हा शेड हसली. अण्णा मात्र हसले नाहीत, खिडकीजवळ गेले. माफी मागणं हा त्यांच्या घराण्यात प्रकार नाही. म्हणाले, "मास्तर, माझी पोच ऱ्हायलीय."

मास्तर आत जाऊन आपल्या खुर्चीवर बसले, अंगठा स्पंजावर टेकवला. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी ती दहा मिनिटांची अट काढून टाकली. बटण दाबलं आणि थांबले. सगळी शेड थांबली. अण्णांच्या सदऱ्याच्या खिशात फोन टुणकन वाजला. अण्णांनी तो काढून, लांब धरून वाचला, आणि मान हलवली. एक शब्द वाचायला त्यांनाही बराच वेळ लागला.

सभा उठल्यावर मी मास्तरांना गाठलं. विचारलं, तुम्हाला माहीत होतं, मग दोन दिवस सांगितलं का नाहीत? ते सायकलचा प्लास्टिकचा कागद पुन्हा नीट बांधत होते.

"तुमच्या घरच्या पेटीतलं पत्र," ते म्हणाले, "ते मी कसं उघडणार?"

त्यांचं नाव पणाला लागलं होतं, आणि तरीही ज्याचं नाव त्याचीच सही. म्हातारा जरा जास्तच करतो, असं त्यानंतर मी कधी म्हटलं नाही. आता ते नाशिकला मुलाकडे असतात, आणि नात सांगते की तिथेही दहा, एक आणि चार चुकत नाही. मी त्यांच्या खुर्चीवर बसतो. वाटी ते मला देऊन गेले. बाहेरगावचा कोणी ऑफिसात आला, की मी कसलंही निमित्त काढून, मी मास्तरांच्या हाताखाली तयार झालो, असं सांगून टाकतो. ज्यांना ते ठाऊक नाहीत त्यांना तर आधी सांगतो.

त्या रविवारी मी घरी आलो आणि बायकोला सगळं सांगितलं. रोपं वीस गेली, पाच तुझ्या आईला. तेल मागवलं होतं, ते गावाला कळलं. आईचं पत्र वाचलं गेलं. ती ओटीवर बसून वाल सोलत होती. दोरी लावलेल्या जागेकडे एकदा बघितलं, माझ्या टकलाकडे एकदा बघितलं, आणि पुन्हा सोलायला लागली. मी निमूट आत जाऊन घरच्या संगणकावर दुसरा प्रोग्रॅम उतरवून घेतला, मोठ्या अक्षरांचा, आणि घरचा पत्ता त्यात वेगळा काढला. शेवटी दोन पेट्या केल्या.

नव्या पेटीत पहिलीच मेल आली. पाठवणाऱ्याचा पत्ता ओळखीचा नव्हता. नाव मात्र होतं. वीजबिलावर छापून येत असेल ते. मास्तरांनी माझा पत्ता अण्णांच्या कागदावरून लक्षात ठेवला होता आणि आपल्या घरच्या पेटीतून पत्र पाठवलं होतं. संघातल्या माणसाला पहिल्यांदा. विषय नीट लिहिला होता, 'आजच्या सभेबाबत', आणि आत एकच शब्द.

'पोचलं.'

मी बायकोला हाक मारली. ती हात पुसत आली, वाकून वाचलं, पुन्हा वाचलं.

"हे आईच्या खुलाशाशेजारी ठेवा," ती म्हणाली. "घरचंच आहे ते."